अर्धी वाकळ आक्काची

थंडी पडली की ती आधी सुईला कळते. उन्हाळ्यात सुई घामानं चिमटीतून निसटते, पावसाळ्यात रुसल्यासारखी अडखळते, आणि मार्गशीर्ष लागला की गार पडून, शहाण्या मुलीसारखी मुकाट कापडात शिरते. खेड्यातल्या बायका वाकळा शिवतात त्या उन्हाळ्यात, रानातली कामं आवरल्यावर. आमचं घर पडलं कोल्हापुरातलं. उन्हाळ्यात माहेरवाशिणी, त्यांची पोरं, सांडगे, पापड, वर्षाची चटणी कुटून आणायची गडबड. त्यात वाकळ पसरायला जागा कुठली? म्हणून सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं, आपल्यात वाकळ दिवाळीनंतर. सासूबाई गेल्या त्याला किती वर्षं झाली, पण हात अजून त्यांच्याच वेळेवर चालतात.

यंदाही गच्चीवर ऊन तेच आहे. खालच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर बिद्रीच्या साखर कारखान्याकडे जातात, आणि त्यांच्यावरची गाणी ट्रॅक्टरच्या आधी आमच्या गल्लीत पोचतात. कोणाच्या तरी घरात रस्सा उकळतोय. ट्रंकेतून काढलेल्या जुन्या पातळांना उन्हात तो वास सुटलाय, थोडा कापराचा, थोडा माणसांचा. सगळं जागच्या जागी आहे. चटईवर मात्र यंदा बरेच दिवस मी एकटी होते.

नात तन्वी परवा म्हणाली, ‘आजी, वर्ष संपलं. यंदा काय काय केलंस सांग, मी फोनवर टाकते.’ मी म्हटलं, टाक, वाकळा शिवल्या. उरलेलं तिला सांगण्यासारखं नव्हतं. ते मी इथं लिहिते, कारण इथं ती वाचणार नाही. चार ओळींच्या वरचं मराठी ती वाचत नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. दोघा भावांनी पुढं एका जागेवर दोन घरं बांधली, भिंतीला भिंत. वर गच्च्यांच्या मधे गुडघाभर कठडा. या कठड्यावरून आजवर काय काय गेलं असेल: दह्याचं विरजण, तापातली पोरं, एकदा तर माझा रागावलेला नवराही. आणि दर थंडीत आक्का. एक हात कठड्यावर टेकून, लुगड्याचा ओचा सावरत ती इकडे यायची आणि वाकळीच्या पलीकडच्या काठाला बसायची. मी अलीकडच्या. वाकळ दोघींनी शिवायची तर आमच्या घरात पद्धत ही, की एकीनं या काठापासून सुरुवात करायची, दुसरीनं त्या काठापासून. ओळीला ओळ लावत, धावदोरा घालत, सरकत सरकत दोघींनी मधे यायचं. वाकळ संपते तेव्हा दोघींचे गुडघे एकमेकींना लागतात. अर्धी वाकळ माझी, अर्धी तिची. पांघरणाऱ्याला काही कळत नाही. आम्हाला कळतं.

मला हे सगळं आता कळतं म्हणून लिहिते. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी म्हणून जी बया या घरात आली होती, तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

तिचं वर्णन केलंच पाहिजे. बावीस वर्षांची, दोन वेण्या, मनगटावर वडिलांनी घेऊन दिलेलं घड्याळ, आणि नाकावर गडहिंग्लजच्या शिवण-क्लासचं पहिल्या नंबराचं सर्टिफिकेट अदृश्य चिकटवलेलं. सासरी येताना तिनं ट्रंक भरून आपला छंद आणला होता. लाकडी रिंगा, रेशमाच्या लडी, टेबलक्लॉथ (घरात टेबल नव्हतं), आणि उशांचे दोन अभ्रे. एका अभ्र्यावर पोपट, दुसऱ्यावर मैना, आणि दोघांच्या मधे ‘शुभ रात्री’. म्हणजे ‘शुभ’ पोपटाकडे आणि ‘रात्री’ मैनेकडे. सकाळी अंथरुणं काढताना उशा इकडच्या तिकडे झाल्या आणि मामंजींच्या वाट्याला नुसतं ‘रात्री’ आलं. ते बिचारे चष्मा लावून बराच वेळ ते वाचत बसले आणि सासूबाईंना म्हणाले, पुढचं काय लिवलंय?

या बयेला वाकळ म्हणजे चिंध्या वाटायच्या. फाटकी पातळं, विटकी धोतरं, एकावर एक पसरून जाड्या दोऱ्यानं ठोकलेली. यात कला कुठं आहे, असं तिनं सासूबाईंना विचारलंसुद्धा. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘कला न्हाय बाय त्यात. ऊब हाय.’ तेवढ्यानं ती गप्प बसली असती तर पुढचं रामायण टळलं असतं. पण तिनं मनावर घेतलं. क्लासमधून जमवून आणलेले नायलॉनचे रंगीत तुकडे काढले, ते जोडून मधे षटकोनी फूल केलं, आतही नायलॉनच भरलं, आणि आठवडाभर खपून एक आधुनिक वाकळ तयार केली. मामंजींना ती समारंभानं दिली. सकाळी मामंजी ओसरीवर येऊन बसले, डोळे लाल. वाकळ पलंगावर ठरतच नव्हती. इकडून ओढली की तिकडून घसरायची, पायावर घेतली की जमिनीवर. वर थंडीत ती अंगाला घासली की चटचट ठिणग्या. मामंजी एवढंच म्हणाले, ‘पोरी, वाकळ हाय का विजेचा खांब?’

सगळं घर हसलं. आक्का सगळ्यात जास्त हसली, पदर तोंडात घालून. दोन पोरांची आई होती ती तेव्हा, चूल तिच्याकडे, धुणं तिच्याकडे, आणि हसणंही तिच्याकडेच. मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर त्या पहिल्या थंडीतला निम्मा वेळ मी आक्काचा राग करण्यातच घालवला, आणि कारण साधं होतं: दुपारी वाकळीवर बसलं की माझी एक ओळ होईस्तोवर तिच्या तीन व्हायच्या. ती बोलत बोलत शिवायची. गल्लीतल्या कुणाच्या म्हशीनं कुणाचं काय खाल्लं, कुणाच्या लग्नात रस्सा पुरला नाही म्हणून वरात कशी उपाशी परतली. मधेच भुईमुगाच्या शेंगा फोडायची, टरफलं वाकळीखाली सारायची, आणि टाके आपले चाललेले. तिच्या ओळी सरळ कधीच नव्हत्या. चिमणी मातीतून चालत गेल्यावर जसे पाय उठतात, तशा. कधी जवळ, कधी लांब, मधेच काहीतरी दिसल्यासारख्या वळलेल्या.

माझी ओळ पट्टीनं आखल्यासारखी असायची. फक्त मी दोरा एवढा आवळायची की वाकळीला आठी पडायची. सासूबाईंनी एकदा त्या आठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, वाकळ रागावली बघ.

त्याच दुपारची गोष्ट. आक्का खाली दूध तापवायला गेली होती. मी माझी क्लासची छोटी कात्री काढली आणि तिच्या ओळीतला एक वाकडा टाका उचलून धरला. एवढ्यात माझ्या मनगटावर चापट बसली. घड्याळावरच. सासूबाई सहसा आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. म्हणाल्या, ‘एकीचा टाका दुसरीनं उसवायचा न्हाय. वाकडा असू दे, तिरका असू दे. ती मेली तरी उसवायचा न्हाय.’

म्हणून तर आमच्याकडच्या जुन्या वाकळा जड आहेत. फाटली की वरून नवं पातळ चढवायचं आणि त्याच्यावर नव्या ओळी घालायच्या. खालचं तसंच ठेवायचं. आमच्या एका वाकळीत आजेसासूबाईंचे टाके आहेत, कुणी पाहिलेले नाहीत, पण आहेत. लहानपणी माझा मुलगा ती अंगावर घ्यायला तयार नसायचा. म्हणायचा, ही माणसासारखी जड आहे.

मग छंद किती झाले. माणूस स्वतःच्या छंदांना कधी हसत नाही, म्हणून आता हसून घेते. क्रोशाचे रुमाल झाले. दिसेल त्याच्यावर रुमाल, रेडिओवर रुमाल, तांब्यावर रुमाल, एकदा ह्यांनी विचारलं, माझ्या डोक्यावर कधी? मण्यांची तोरणं झाली. काचेवरची चित्रं झाली, त्यातला एक हंस अजून पाहुण्यांना बदक वाटतो. मशीन घेऊन ब्लाऊज शिवायचं काम धरलं, ते मात्र वर्षानुवर्षं चाललं, मुलाचं शिक्षण त्यात झालं. पण दर थंडीत पंधरा दिवस मशीन झाकून ठेवायची आणि गच्चीवर जायचं. आक्का कठडा ओलांडून यायची. पोरं वाढली, सुना आल्या, नातवंडं वाकळीवर लोळून मोठी झाली. कधी भांडलो नाही असं नाही. एकदा पाण्याच्या पाइपावरून तीन महिने बोलत नव्हतो, तरी त्या थंडीत वाकळ शिवलीच, एकमेकींशी न बोलता. मधे ओळी जुळल्या तेव्हा तिनं नुसतं विचारलं, चहा टाकू का. संपलं भांडण.

मशीनवर बसणं डॉक्टरांनी बंद केलं, पाठीमुळे. तेव्हापासून वाकळ हेच माझं काम झालं. तन्वीनं फोटो काढून फोनवर टाकले आणि काय झालं कुणास ठाऊक, परगावची माणसं वाकळा मागू लागली. ज्यांच्या आयांनी त्या बोहारणीला देऊन भांडी घेतली असतील, तीच माणसं. मी म्हातारी, मला फुगायला किती वेळ लागतो? कुणीतरी मला ‘आर्टिस्ट’ म्हटलं. त्या दिवशी मी सुनेला, वैशालीला, दोनदा चहा करायला सांगितला. एरवी माझा मीच करते.

गेल्या वर्षी थोरले दीर गेले. आक्का रडली वगैरे सगळं रीतीप्रमाणे झालं, आणि मग ती गप्प झाली. ती गप्प बसणं म्हणजे काय ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. तिची सून सांगायची, आई जेवतात, टीव्हीसमोर बसतात, पण टीव्ही बंद असला तरी तशाच बसतात. यंदा दिवाळी झाली तसं मीच तिला हाक मारली. पुण्याच्या एका बाईंची मोठी वाकळ शिवायला घेतली होती, त्यांच्या लेकीच्या बाळंतपणासाठी. आक्का आली. कठड्यावरून यायला वेळ लागला, मी हात दिला. पलीकडच्या काठाला बसली, सुई लावली, आणि चार ओळींत तोंड उघडलं. त्याच म्हशी, तीच उपाशी वरात. दीर गेल्यावर पहिल्यांदा मी तिला दिरांच्या घोरण्याची नक्कल करताना ऐकलं. खालून तिची सून जिन्यात येऊन उभी राहिली आणि ऐकून, डोळे पुसून, परत गेली. हे मी पाहिलं होतं. हे पाहूनही मी पुढचं केलं.

आक्काची नजर गेलीय हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्यात काचबिंदू. ती कबूल करत नाही. घरून येतानाच सुया ओवून आणते, पदराला टोचून. कोण ओवून देतं ते मी कधी विचारलं नाही. तिच्या ओळी आता चिमणीच्याही राहिल्या नव्हत्या. कुठं टाका वीतभर, कुठं एकावर एक तीन. मधेच ओळ सुटून शेजारच्या ओळीवर चढायची, आणि ती आपली बोलतेय, हात चालवतेय, चेहरा असा उजळलेला की मी बरेच दिवस ओळींकडे पाहिलंच नाही.

मग तन्वीनं अर्धवट वाकळीचा फोटो पुण्याला पाठवला. बाईंचं उत्तर आलं. फार गोड शब्दांत त्यांनी लिहिलं होतं, की वाकळ हातानं शिवलेली वाटली पाहिजे, पण ओळी जरा सरळ असत्या तर बरं.

माझी ओळ वाईट असं कुणी म्हटलं नव्हतं. मला खरं तर सुटल्यासारखंच वाटायला हवं होतं. पण माझ्यातली ती दोन वेण्यांची बया, तिला मी एवढी वर्षं हसत आले, ती कुठं मेली होती? ती उठून बसली. आक्का त्या दिवशी डॉक्टरांकडे गेली होती. मी गच्चीवर गेले, चष्मा लावला, ब्लेड घेतलं, आणि आक्काची बाजू उसवली. पूर्ण दुपार. पहिली ओळ काढताना मनगट झोंबल्यासारखं झालं. दुसऱ्या ओळीला नाही. हीच खरी लाजेची गोष्ट: दुसऱ्या ओळीपासून मला बरं वाटायला लागलं. काम नीट होतंय असं वाटलं. संध्याकाळपर्यंत मी तिथं माझ्या ओळी घालायलाही सुरुवात केली, आणि मनाशी म्हटलं, तिला कुठं दिसतंय.

पुढचे काही दिवस मी आक्काला टाळलं. थंडी फार आहे, सांधे धरतील, नंतर या, असं सांगत राहिले, आणि तिची सगळी बाजू माझ्या टाक्यांनी भरून काढली. मग एका सकाळी ती न बोलावताच आली. मी गच्चीवरच्या तुळशीपाशी पणती पुसत होते. ती माझ्या शेजारी उभी राहिली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, हाताला लागलं ते काहीतरी उचललं आणि डोळ्यांजवळ नेलं.

दोऱ्याचा तुकडा होता. नवा दोरा सरळ असतो. उसवलेला दोरा सरळ राहत नाही. जितके टाके घेतले असतील तितकी वळणं त्यात राहतात, धुतला तरी जात नाहीत. आक्कानं तो दोन बोटांत फिरवला. मग माझा हात ओढून माझ्या तळव्यावर ठेवला.

‘उसवलंस व्हय?’ ती म्हणाली.

मी काहीतरी बोलले. पुण्याच्या बाई, बाळंतपण, फोटो. ती ऐकून घेत होती असं वाटलं, पण ती कठड्याकडे चालली होती. या खेपेला तिनं हात मागितला नाही. कठड्यावर बसून, एकेक पाय उचलून ती पलीकडे गेली.

त्यानंतर ती आली नाही. तिची सून म्हणाली, आईंनी सुयांची डबी केरात टाकली; मी काढून ठेवली तर परत टाकली. परत टीव्हीसमोर. जेवायला हाक मारली तर म्हणतात, मला आता कशाला वाढता, काम तर काय हुतंय माज्याकडनं. हे ऐकलं आणि मला आमच्याच जिन्यावर बसावंसं वाटलं, बसलेच. ह्यांना सांगितलं. हे यष्टीत कंडक्टर होते, निम्मं आयुष्य लोकांची गाऱ्हाणी ऐकण्यात गेलं, त्यामुळे सांत्वन वगैरे करत नाहीत. म्हणाले, फक्त स्वतःचेच टाके पाहिजे होते तर चादर शिवायची, वाकळ कशाला मांडलीस?

मग मी जे केलं ते सांगायची आणखी लाज वाटते, पण हसूही येतं. मी आक्काचे टाके नकली घालायचा प्रयत्न केला. जुन्या पातळाच्या तुकड्यावर. मुद्दाम वाकडे, मुद्दाम लांब, मधेच तीन एकावर एक. डोळे मिटूनही बघितलं. ते वाकडे आले, पण नटून वाकडे आले, जसं दुकानात हल्ली गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली पँट मिळते. वैशालीनं तो तुकडा पाहिला आणि काळजीनं विचारलं, आई, तुमचे डोळे दाखवायचे का?

वर्षाचा शेवटचा दिवस. तन्वीच्या मित्रमैत्रिणी यायच्या होत्या, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची तयारी, खाली मिक्सरचा आवाज. पुण्याच्या बाईंना मी सकाळीच तन्वीकडून कळवलं होतं, की वाकळ मिळणार नाही. त्यांनी का म्हणून विचारलं. तन्वीनंही विचारलं. मी म्हटलं, घरातली आहे.

दुपारी वाकळ खांद्यावर घेऊन मी कठडा ओलांडला. एवढ्या वर्षांत ओलांडायची ती. मी कधी त्या बाजूनं गेले नव्हते, हे कठड्यावर एक पाय टाकल्यावर लक्षात आलं. गुडघे कुरकुरले. आक्का आपल्या गच्चीवर उन्हाला पाठ करून बसली होती, हात मांडीवर रिकामे. मी वाकळ तिच्या पुढ्यात पसरली. मला बोलायला भरपूर येतं, सगळी गल्ली सांगेल. त्या वेळी एवढंच आलं: ‘आक्का, तुमची समदी बाजू मी उसवली. आता ह्यात निस्ते माझेच टाके हायत. काय करायचं ते करा.’

तिनं हात पुढे केला. ‘ब्लेड आण.’

ते माझ्या कनवटीलाच होतं. दिलं.

तिनं वाकळ मांडीवर ओढली, काठ चाचपला, आणि काठाला लागून असलेल्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. मी तिला मुद्दाम खोटं सांगितलं नव्हतं, पण एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. तिच्या बाजूची ती एक ओळ मी उसवली नव्हती. दयेनं नव्हे, ती काढली असती तर काठ सुटला असता, म्हणून. सगळ्या वाकळीत आक्काची म्हणून जी एक ओळ उरली होती, तिच्यावरच तिचं बोट होतं.

‘ही तुजीच न्हवं?’

मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे माझ्या कानाच्या थोडं बाजूला बघत होती.

‘व्हय,’ मी म्हटलं. ‘माजीच.’

ब्लेडच्या टोकानं तिनं पहिला टाका तोडला. मग दुसरा. बोटानं चाचपत, दोरा ओढत ती पुढे सरकू लागली, आणि सरकता सरकता तिचं तोंड सुटलं. ‘बग की, काय ही ओळ. हितं टाका बोटभर, हितं मुंगीएवढा. ही बग, हितनं तर पळूनच गेली. शिवण-क्लासात पैला नंबर म्हनं. आनि माज्या उसवत बसलीस, भवाने?’

तिच्या मांडीवर वळणावळणाचा दोरा साठत चालला. मी मान खाली घालून ऐकत होते. ती ओळ तिनं दीर गेल्यानंतर पहिल्यांदा तोंड उघडलं त्या दुपारी घातलेली होती. सांगावं असं ओठांपर्यंत आलं. सांगितलं असतं तर मी खरी ठरले असते आणि ती पुन्हा गप्प झाली असती. नाही सांगितलं तर तिच्याच हातानं तिची शेवटची ओळ जात होती. यातलं चांगलं कोणतं हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. मी तोंड मिटून बसले, आणि तोंड मिटून बसण्याची मला सवय नाही.

‘माजा हात पैल्यापासनंच वाकडा, आक्का,’ एवढं म्हणाले.

‘ते मला ठावं हाय,’ ती म्हणाली, आणि हसली. पदर तोंडात घालायलाही विसरली.

शेवटचा टाका निघाला, आणि काठ सुटला. आतली पातळं बाहेर आली, एकावर एक, त्यातलं एक दिरांचं धोतर होतं. आक्कानं ते चाचपलं, आत सारलं, आणि सुटलेल्या काठाचं एक टोक माझ्याकडे फेकलं.

‘आता बसू नगंस तशी. तिकडनं ताणून धर. मी हितनं घालतो.’

मी धरलं.